कृष्णात गुळव्याची साक्ष

माझ्याच प्रयोगशाळेत माझ्याच वडिलांचा निकाल छापून आला आणि त्यावर 'क' लिहिलं होतं.

कृष्णात ज्ञानू चौगुले. वय सदुसष्ट. व्यवसाय गुळव्या. पोटात जाणारी साखर रोज अंदाजे पंचाहत्तर ग्रॅम. यंत्रात बिघाड असेल म्हणून मी केसांचा दुसरा तुकडा लावला. क. कुणाला न सांगता शेजारच्या यंत्रावर तिसरा लावला. तिथंही क. ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षांत गोडाचा कण तोंडात घातला नाही, माझ्या लग्नात जिलबीचं ताट समोर आलं तेव्हा ज्यानं नुसते हात जोडले, तो माणूस म्हणे रोज पंधरा-सोळा चमचे साखर खातो. मला हसू यायला हवं होतं. पण ते यंत्र माझं होतं, आणि ते चुकत नाही हे सगळ्या राज्याला मीच पटवून दिलं होतं.

गोडपट्टी कशी आली ते सांगते. आधी सरकारनं शीतपेयाच्या बाटलीवर कर बसवला. कंपन्यांनी बाटली लहान केली. मग साखरेच्या प्रमाणावर बसवला, तर कंपन्यांनी एकाच्या दोन बाटल्या करून वर रबर लावून विकल्या. सरकार शेर तर कंपन्या सव्वाशेर, असं आठ वर्षं चाललं, आणि तोवर सातवीतल्या पोरांच्या यकृतात पन्नाशीच्या शेठजीएवढी चरबी साठली. शेवटी कुणीतरी म्हणालं, बाटलीवर कर लावण्यापेक्षा माणसाच्या पोटात किती जातं ते मोजा आणि त्याच्यावर लावा. ते मोजायचं कसं हे मला ठाऊक होतं.

हवेतला कर्ब दोन तऱ्हेचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. भात, गहू, भाजीपाला जड कर्ब फारसा घेत नाहीत. ऊस घेतो. आपण जे खातो त्याचेच केस होतात, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सहा सेंटिमीटर केसात सहा महिन्यांचा ऊस वाचता येतो. अडचण एकच होती. ज्वारी उसाच्याच जातकुळीची. त्यामुळे दोन्ही वेळ भाकरी खाणारा माणूस आणि रोज तीन बाटल्या रिचवणारा माणूस यंत्राला सारखेच दिसायचे. पण साखरेचा निम्मा भाग थेट यकृतात जातो आणि तिथून केसाच्या एका ठरावीक घटकात जास्त उतरतो. भाकरीचं तसं होत नाही. हा फरक पकडण्यात माझी सहा वर्षं गेली आणि नवराही गेला. तो जिवंत आहे, पुण्यात आहे.

मग केसावरून माणसांच्या श्रेणी ठरल्या, आणि दुकानात एकच बाटली 'अ' श्रेणीच्या माणसाला चाळीस रुपयांना आणि 'क'वाल्याला दीडशेला मिळू लागली. लोकांनी आधी डोकी भादरली. तपासनीस हाताचे केस उपटू लागले. लोकांनी मला शिव्या घातल्या, घालोत बापडे. चार वर्षांत पोरांच्या यकृतातली चरबी निम्म्यावर आली होती. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, आणि हीच खरी पंचाईत आहे.

कारण माझ्या वडिलांचं, आबांचं, यकृत निकामी होत चाललं होतं. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाचं यकृत वाळक्या लाकडासारखं झालं होतं. उपाय होता. रुग्णाच्याच पेशी वाढवून यकृताचं कलम करायचं आणि पोटात बसवायचं, हे आता मोठ्या सरकारी रुग्णालयात होतं. मात्र गोड खाणाऱ्याचं कलम वर्षभरात खराब होतं. म्हणून 'क'वाल्याला आधी सहा सेंटिमीटर निर्मळ केस दाखवावा लागतो. सहा महिने. हा नियम करणाऱ्या समितीत मी होते आणि मीच सर्वांत मोठ्यानं बोलले होते.

आबांचे डॉक्टर म्हणाले, "चार महिने धरा. पाच म्हणालो तर ती नुसती आशा."

मी पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या गावी गेले. आबा सोप्यात बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले, आणि तरी दुपारच्या आधणाला गुऱ्हाळावर जायची तयारी. आधण म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, एकदा भरून उकळलेला रस. दिवसाला अशी पाच. आमच्या पंचक्रोशीत आबांच्या हातचा गूळ नुसत्या रंगावरून ओळखतात.

"आलास व्हय पोरी?"

"आलो, आबा." गावात पाय ठेवला की माझ्याही तोंडी पुरुषी बोली येते, आमच्याकडं बायका तशाच बोलतात. मी कागद पुढं केला आणि काय लिहिलंय ते सांगितलं.

आबांनी कागद हातात घेतला नाही. "तुझं यंत्र खोटं बोलतंय."

"आबा, तीनदा तपासलंय मी. कधी चुकून चहात..."

"चुकून?" आबांचा आवाज चढला. "तू बारा वर्साची हुतीस. कावीळ डोक्यात गेलती तुझ्या. मला वळखत न्हवतीस. डाक्टरनं हात वर केलं, तवा मी जोतिबाच्या पायरीवर डोस्कं आपटलं. म्हटलं, देवा, पोरगी दे, जलमभर गोड खाणार न्हाई. आन् तू मला चुकून म्हणतीस? गुळाच्या काहिलीपाशी हुबा ऱ्हाऊन मी गूळ खाल्ला न्हाई. ही काय सोपी गोष्ट हाय?"

सोपी नव्हती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि तिथंच ठरवलं की यंत्र चुकलंय. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम खोटं ठरायला हवं होतं.

आबांच्या श्रेणीवर मी हरकत नोंदवली, आणि आठवड्यानं वकील रणदिवे दारात उभे राहिले. शीतपेय बनवणाऱ्यांच्या संघाचे वकील. माणूस गोडबोल्या, पण लबाडी लपवायचे कष्ट न घेणारा. आबांसाठी भेट म्हणून बाटल्यांचा खोका घेऊन आले होते. आबांनी तो उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला.

"मॅडम, तुमचे वडील चाळीस वर्षं उसाच्या वाफेत उभे आहेत," रणदिवे म्हणाले. "ती वाफ छातीत जाते, रक्तात जाते, तिथून केसात. तुम्ही हे कधी तपासलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच तपासलं नव्हतं.

"मग तेवढं सुनावणीत सांगा. मोजणी शोधणाऱ्या बाईनंच दोष कबूल केला तर श्रेणी रद्द होईल. काकांना पुढच्याच आठवड्यात कलम मिळेल."

"आणि तुम्हाला काय मिळेल?"

"एका केसात चुकली ती मोजणी दुसऱ्या केसात कशावरून चुकली नसेल? गोडपट्टी कोर्टात एक दिवस टिकणार नाही." ते हसले. "मी तुमच्यापासून काही लपवत नाहीये."

मी त्यांना होही म्हटलं नाही आणि नाहीही. दुसऱ्या दिवशी पंप, गाळणकागद आणि कॅमेरा घेऊन गुऱ्हाळावर गेले. वाफेत खरंच साखर सापडली तर मला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

तीन दिवस मी आबांच्या नाकाच्या उंचीवर गाळणकागद टांगून वाफ ओढली. जाळ घालणारा दगडूनाना माझ्याकडं बघून हसत होता. "ताई, वाफंत गूळ असता तर आमी काहील कशापायी उतरवली असती? वरच्या वर हंडा धरला असता." नाना चौथी शिकलेला. त्याचंच बरोबर होतं. पाणी उडतं आणि साखर खाली राहते, म्हणून तर गूळ होतो. सगळे कागद कोरे निघाले.

"नाना, आबा कधी गूळ तोंडात टाकतात का?" मी विचारलं.

"आबा? छ्या! वीस वर्सं शेजारी हाय मी. कदी न्हाई."

मीही तीन दिवस समोर बसले होते. मलाही काही दिसलं नव्हतं. मग पाकाच्या तापमानाची वेळ जुळवायला म्हणून मी कॅमेऱ्यातलं चित्रण संथ करून पाहायला लागले, आणि चौथ्या वेळी मला तो हात दिसला.

पाक झाला की नाही हे गुळव्या असं बघतो. लाकडी फळीवरून पाकाची धार गार पाण्याच्या पातेल्यात सोडायची. घट्ट झालेला भाग पाण्यातच बोटांनी वळून गोळी करायची. गोळी पातेल्याच्या काठावर आपटायची. टण वाजली की "उतरा" म्हणून ओरडायचं, की माणसं काहील उतरवतात. त्या 'टण' आणि 'उतरा'च्या मध्ये एक क्षण होता. त्या क्षणात आबांचा हात तोंडाकडं जायचा, गोळी जिभेवर पडायची, आणि हात खाली यायचा. डोळे काहिलीवर. चेहऱ्यावर काही नाही. कपाळावरचा घाम पुसावा इतकं सहज.

दर आधणाला तीन-चार गोळ्या. दिवसाला पाच आधणं. हंगामाचे सहा महिने. माझ्या यंत्राचा आकडा ग्रॅमच्या फरकानं जुळला.

आबा खोटं बोलत नव्हते. नानाही नाही. हाताला ती सवय आबांच्या वडिलांनी लावलेली होती, दहाव्या वर्षी, पाक शिकवताना. नवस त्यानंतर कितीतरी वर्षांनी केलेला. नवस आबांनी केला होता, हाताला तो कुणी सांगितलाच नव्हता. आणि त्या हातानंच त्यांचं यकृत खाल्लं होतं.

मला हे त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही. मी भित्रेपणानं दुसराच उपाय काढला. "आबा, वाफ नाकात जाऊ नये म्हणून आज मास्क लावा," म्हणाले. मला वाटलं, हात निदान अडेल, आणि त्यांना कळणारही नाही. शहाणी ना मी.

पहिलं आधण पिकत आलं. फळी, धार, पातेलं, टण. हात वर गेला आणि मास्कवर आपटला. गोळी पांढऱ्या कापडाला चिकटून बसली, बरोबर ओठांपाशी.

आबा थांबले. "उतरा" म्हणायचे थांबले. काहिलीला वास सुटला.

"आबा! उतरायचं न्हवं?" नाना ओरडला. "आवं, करपाय लागलं!"

आबांनी मास्क काढला आणि ती गोळी बघत उभे राहिले. पाठीमागं अख्खं आधण काळं पडलं. चाळीस वर्षांत त्यांचं आधण करपलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"हे काय गं?" ते हळू म्हणाले.

मी मास्क घ्यायला हात पुढं केला. त्यांनी तो दिला नाही.

"रोजच?"

"व्हय, आबा."

"तुला ठावं हुतं?"

"परवापासनं."

ते चिपाडाच्या ढिगावर बसले. मी जवळ गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. मग म्हणाले, "द्येवानं त्याचा शब्द पाळला. मी न्हाई पाळला."

"तुमाला कुठं ठावं हुतं, आबा?"

"त्याला तर ठावं हुतं की." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सुनावणीत काय सांगणार हाईस?"

"जे हाय ते."

"तेच सांग. मी हुबाच ऱ्हाणार हाय तिथं. तुझं यंत्र खरं हाय, हे मीच सांगतो. उगं मी तुला खोटं पाडत हुतो." एवढं बोलून ते उठले आणि करपलेली काहील घासायला नानाला मदत करू लागले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. मरायला निघालेल्या माणसानं इतकं सरळ वागू नये.

सुनावणी कोल्हापुरात होती. अधिकारी श्रीमती भोसगे म्हणून होत्या, सावकाश बोलणाऱ्या, सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेणाऱ्या. रणदिवे कोपऱ्यात बसले होते. मी उभी राहिले आणि आदल्या दिवशी लिहिलेलं निवेदन वाचलं. काहिलीवरच्या वाफेतून साखरेचे सूक्ष्म थेंब शरीरात जातात. गुळव्याच्या बाबतीत केसांची मोजणी विश्वासार्ह नाही. ही त्रुटी माझ्या संशोधनात राहून गेली, याची जबाबदारी मी घेते.

माझा आवाज कापला नाही. याचं मला नंतर फार आश्चर्य वाटलं.

आबा काठी टेकून उभे राहिले. "बाईसाब, माजी लेक खोटं बोलाय लागलीया. माज्यासाठी. वाफंनं काय हुत न्हाई. मी गूळ खातो. रोज खातो. माजं मलाच ठावं न्हवतं, पर खातो. ह्या हातानं. लिवून घ्या."

श्रीमती भोसग्यांनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, आता मी काय लिहू? ही मोजणी तुमची. तुम्ही म्हणाल ते मी धरीन. वाफ, की हात?"

मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत जराही धाकधूक नव्हती. पोरगी आता खरं बोलणार याची त्यांना खात्री होती. मी 'हात' म्हणाले तर सहा महिने. त्यांच्याकडं चार होते. बाकी सगळं मला ठाऊक होतं. सातवीची पोरं ठाऊक होती, रणदिवे कोपऱ्यात का बसलेत ते ठाऊक होतं. पण मला माझा बाप हवा होता. लाज सोडून सांगते, मला दुसरं काहीही नको होतं.

"मॅडम," मी म्हणाले, "यकृत निकामी झालं की रक्तात अमोनिया साठतो आणि तो मेंदूपर्यंत जातो. रुग्णाला न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या वाटतात. लहानपणी काविळीत मलाही असं झालं होतं. आबांना गेले काही दिवस भ्रम होतोय. त्यांचं बोलणं धरू नका. वाफच आहे."

भोसगेबाईंचा चेहरा मऊ झाला. त्या आबांकडं वळल्या आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

आबांना वार ठाऊक होता. सकाळी एसटीत मला त्यांनीच सांगितलं होतं की आज शुक्रवार, रस्त्यावर गर्दी असेल. पण ते बाईंकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. तोंड थोडं उघडं, काही बोलायचं असून शब्द सापडत नसल्यासारखं. बाईंनी दोनदा विचारलं. मग मान खाली घालून त्यांनी लिहायला घेतलं.

कलम दहा दिवसांत मिळालं. शस्त्रक्रियेच्या आधी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. आबांनी सवयीनं पेनासाठी हात पुढं केला. नर्स म्हणाली, "आजोबा, तुमची सही चालत नाही. भ्रमाची नोंद आहे ना. मुलीची लागते." आबांनी हात मागं घेतला. मी सही केली.

त्यानंतरचं वर्तमानपत्रात आलंच आहे. कोर्टानं गोडपट्टीला स्थगिती दिली. मोजणी शोधणारी बाईच म्हणते चुकली, मग आणखी काय हवं? जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा फाटकाबाहेर पुन्हा खोके रचलेले होते, सगळ्यांना एकच भाव. मी नोकरी सोडून गावी आले. सातवीचा वर्ग सुटायच्या वेळी मी त्या रस्त्यानं जात नाही.

आबांचं यकृत छान बसलंय. डोळे पांढरेशुभ्र झालेत, सूज उतरली, दोन भाकरी खातात. हंगाम सुरू झाल्यावर ते गुऱ्हाळावर गेले होते. मालकानं खुर्ची दिली, चहा विचारला, आणि अगदी मानानं सांगितलं, "आबा, आता तुमी नुसतं बसा. पाकाचं आमी बघतो." डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाच्या शब्दावर कुणी काहील उतरवत नाही. आबांनी वाद घातला नाही. घरी आले. माझ्याशीही त्यांनी कधी भांडण काढलं नाही. तेवढं केलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

परवा दुपारी दगडूनाना भेटायला आला. आबा सोप्यात बसले होते, मी आत भांडी घासत होते.

"काय आबा, बरं हाय न्हवं?" नानानं विचारलं. "जेवलासा काय?"

आबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग आत माझ्याकडं बोट केलं.

"तिला इचार."

नाना दारातून माझ्याकडं बघू लागला. मी हात पुसले.

"जेवल्यात," मी म्हणाले.